चेअरलिफ्ट अधांतरी बंद पडली तर नेमकं काय करतात?

रानवारा
येत्या हिवाळ्यात आम्ही तिघं पहिल्यांदाच स्कीइंगला जाणार आहोत. मुलगा आठ वर्षांचा. तयारी म्हणून व्हिडिओ बघायला बसले आणि दोन-चार व्हिडिओंनंतर बंद पडलेल्या लिफ्टा, लोंबकळणारी माणसं, दोराने खाली सोडलेली पोरं असंच सगळं समोर यायला लागलं. आता ते डोक्यातून जात नाही. उघडी खुर्ची, पायाखाली दोन-तीन मजले रिकामे, पायात जड स्की, वर वारा!

घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, "खाली बर्फच तर असतो, फारच वेळ लागला तर मारायची उडी." मी म्हणते, मी त्या खुर्चीत बसतच नाही.

इथे स्कीइंग करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. लिफ्ट बंद का पडते? माणसं उतरवतात कशी? किती वेळ लागतो? आणि उडीबद्दल काय ते एकदा स्पष्ट लिहा, म्हणजे मला धागा घरात दाखवता येईल.

चकवा
उडीचा प्रयोग नवऱ्यावर करून बघा आणि निष्कर्ष इथेच टाका. आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पायपीट
रानवारा, आधी थोडा धीर देतो. लिफ्ट दिवसभरात कितीतरी वेळा थांबते आणि बहुतेक वेळा कारण अगदी किरकोळ असतं. खाली चढताना किंवा वर उतरताना कोणीतरी धडपडलेलं असतं. ऑपरेटर बटण दाबतो, पडलेल्याला बाजूला घेतो, लिफ्ट पुन्हा सुरू. नवशिक्यांच्या उतारावर तर हे सारखंच चालतं. खुर्ची जरा झुलते, शेजारचा शिव्या घालतो, निघालो पुढे. तेव्हा थांबली की लगेच देव आठवू नका.

वाचनमात्र
वाचतेय. मलाही हीच भीती, फक्त विचारायची लाज वाटत होती.

तिसरा_गिअर
यंत्राच्या बाजूने लिहितो, कारण आयुष्यभर हाच धंदा केला (लिफ्टचा नव्हे, पण ब्रेक आणि गिअरबॉक्सचा, आणि लिफ्टचं वेड जुनं).

चेअरलिफ्ट म्हणजे एक अखंड गोल केबल, तिच्या दोन टोकांना दोन मोठी चाकं. एका चाकाला मोटर. मधल्या खांबांवर पुल्यांच्या ओळी, त्यांवर केबल तोललेली. साध्या लिफ्टमध्ये खुर्ची केबलला कायमची आवळलेली असते, म्हणून वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास ठेवावा लागतो, नाहीतर माणसाला बसताच येणार नाही. नव्या लिफ्टमध्ये स्थानकात शिरताना खुर्चीची पकड सुटते, खुर्ची संथ फिरते आणि बाहेर पडताना पुन्हा केबल पकडते. त्यामुळे बाहेर ५ मीटरचा वेग परवडतो.

आता थांबण्याबद्दल. रोजच्या वापराचा एक ब्रेक मोटरच्या बाजूला असतो. दुसरा आणीबाणीचा, तो थेट मोठ्या चाकाला आवळतो, म्हणजे मधला गिअरबॉक्स मोडला तरी त्याचं काही अडत नाही. भरलेल्या खुर्च्यांच्या वजनाने केबल उलटी फिरू नये म्हणून आणखी एक अडसर. मुख्य गंमत अशी की हे ब्रेक स्प्रिंगच्या किंवा वजनाच्या जोरावर लागतात आणि उघडे ठेवायला दाब द्यावा लागतो. वीज गेली, दाब गेला, की ब्रेक आपोआप बसला. शिवाय पुल्यांपाशी एक ठिसूळ पट्टी असते. केबल जागेवरून सरकली की ती पट्टी मोडते, सर्किट तुटतं, लिफ्ट उभी. कुठल्याही शंकेला त्या यंत्राकडे एकच उत्तर आहे: थांब.

म्हणून माझं मत असं की अधांतरी थांबलेली लिफ्ट बहुधा आपलं काम चोख करत असते. भ्यायचं असेल तर थांबायला हवं तेव्हा न थांबणाऱ्या लिफ्टला भ्या.

मोटर गेली तर बहुतेक ठिकाणी डिझेल इंजिन तयार असतं. त्यावर लिफ्ट रखडत चालते, पण वर लटकलेली सगळी माणसं स्थानकात पोचतात. केबल पुलीवरून उतरली असेल, चाकाचं बेअरिंग गेलं असेल, खांबालाच काही झालं असेल, तर मात्र केबल हलवायची नाही. मग दोर काढायचा.

शंकेखोर
"ब्रेक आपोआप बसला" हे वाचायला छान वाटतं. मोत्तारोने विसरलात का? २३ मे २०२१, इटलीतल्या स्ट्रेसाहून वर जाणारी केबल कार. वरचं स्थानक अगदी समोर दिसत असताना ओढणारी केबल तुटली. आणीबाणीचा ब्रेक लागायला हवा होता. लागला नाही, कारण तो उगाचच लागतो आणि फेऱ्या अडतात म्हणून लोखंडी चिमटा अडकवून तो निकामी करून ठेवला होता. आत १५ जण, त्यातले १४ गेले. पाच वर्षांचा एक मुलगा वाचला. यंत्र कितीही शहाणं असो, चालवणारा माणूसच असतो.

तिसरा_गिअर
शंकेखोर, उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते माझ्या बाजूने साक्ष देतंय. ब्रेक थांबवू पाहत होता आणि त्या थांबण्याचा त्रास झाला म्हणून त्याचं तोंड बंद केलं. कावालेझेलाही तेच. ९ मार्च १९७६, इटलीच, केबल एकमेकींवर आल्या, यंत्रणेने गाडी थांबवली, ती यंत्रणा बाजूला सारून गाडी पुढे चालवली आणि भार पेलणारी केबलच कापली गेली. चाळीसहून जास्त माणसं मेली. (त्याच गावात १९९८ साली अमेरिकी लष्करी विमानाने केबल तोडून २० जण मारले, तो प्रकार वेगळा. त्याला कुठलाच ब्रेक पुरत नाही.)

या दोन्ही मोठ्या केबिनच्या केबल कार होत्या, चेअरलिफ्ट नव्हेत, हेही नोंदवतो. पण धडा तोच. रांगेतली माणसं "कधी सुरू करताय" म्हणून ऑपरेटरच्या डोक्यावर बसतात, तेव्हा मला त्यांना गप्प करावंसं वाटतं.

चकवा
तिसरा_गिअर यांना रांगेत उभं करू नये अशी विनंती.

हिमकण
मी इथल्या एका डोंगरावर स्की पेट्रोलमध्ये (उतारांवर सुरक्षा आणि बचाव बघणारं पथक) स्वयंसेवक आहे. माणसं उतरवण्याचा सराव दर हंगामात होतोच. अमेरिकेतलं लिफ्टचं मानक, एएनएसआय बी७७.१, त्यात उतरवण्याचा लेखी आराखडा आणि वर्षातून सराव दोन्ही आवश्यक आहेत. सरावात 'अडकलेला प्रवासी' आमच्यातलाच कोणीतरी होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघून झालंय. तर नीट लिहितो.

लिफ्ट थांबली की पहिली धाव मेकॅनिकची. तो अंदाज देतो. मोटर किंवा इंजिनावर निघण्यासारखी असेल तर आम्ही नुसते खालून फिरून लोकांना सांगत राहतो. निघणार नाही असं ठरलं की खांबांच्या मधले टप्पे वाटून घेतात, एकेका टप्प्याला एक पथक. एकाच वेळी चार-पाच ठिकाणी काम चालतं, म्हणून वरून बघणाऱ्याला वाटतं तेवढा वेळ लागत नाही.

पथक खुर्चीच्या जवळ येऊन आधी बोलतं. नाव विचारतो, कोणाला दुखतंय का, कोणी एकटं लहान मूल आहे का. मग वजन बांधलेली बारीक दोरी केबलवरून पलीकडे फेकतो. ऐकायला सोपं आहे, पण वाऱ्यात ती पिशवी खुर्चीवरच्या माणसाच्या हेल्मेटला लागते तेव्हा दोघंही एकमेकांची क्षमा मागत बसतात. बारीक दोरीने जाड दोर ओढून घ्यायचा. दोराच्या वरच्या टोकाला पट्ट्याचं आसन असतं, ते वर खुर्चीपाशी नेतो. खालचं टोक एकाच्या कंबरेला, घर्षणाच्या उपकरणातून. त्याच्या मागे दुसरा माणूस, कारण बर्फावर पाय घसरतात.

मग प्रवाशाला एकेक सूचना. काठ्या खाली टाक, पण आम्ही सांगू तेव्हाच आणि आमच्या डोक्यावर नको. पाठपिशवी असेल तर काढ. पट्टा डोक्यावरून घालून दोन्ही काखांखाली घे. पट्ट्यावरचा सरकणारा अडसर ओढून पट्टा अंगाला घट्ट कर. आता दोराला धर आणि खुर्चीच्या कडेवरून हळूच खाली घसर. ही शेवटची पायरी सगळ्यात अवघड. माणूस खुर्चीच्या मधल्या दांड्याला असा मिठी मारतो की हात सोडवता सुटत नाही. गोडीने, जोराने, दटावून, सगळं करून बघतो. एकदा का बूड सुटलं की पुढची काही सेकंदं तो अगदी शांत असतो, आणि खाली टेकल्यावर बरेच जण हसतातच. आमच्याकडे स्की पायातच ठेवतात. काही ठिकाणी काढायला लावतात. जे पथक सांगेल ते.

रानवारा
हिमकण, खूप आभार. पण मुलाचं काय? तो आणि मी एका खुर्चीत असू तर आधी कोण?

हिमकण
पथक ठरवतं, आणि त्याचं कारण खुर्चीत असतं. एक माणूस उतरला की खुर्ची उसळते आणि उरलेल्याच्या बाजूला कलते. त्या धक्क्यात लहान मूल एकटं वर नको, हा विचार पहिला. मग वर तुम्ही पट्टा नीट बसवून द्यायचा, आम्ही खालून तपासायचं, आणि पोराला सोडायचं. मुलं फार कमी त्रास देतात बरं का. हट्टीपणा मोठ्यांचा असतो. आणि मुलाला अगदी लहान उतारावरसुद्धा अनोळखी मोठ्या माणसाबरोबर एकटं बसवू नका.

मुक्ताफळ
मी स्वतः दोराने उतरले आहे, त्यामुळे हक्काने लिहिते. कुठल्या डोंगरावर ते सांगत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे काहीच कळत नाही. अर्धा तास ना घोषणा, ना कोणी खालून गेलं. आमच्या मागच्या खुर्चीवरचा एक मुलगा मोठमोठ्याने अफवा वाचून दाखवत होता, कुठून तरी त्याच्या मोबाइलवर येत होत्या. वारा अडवायला काहीही नव्हतं. बसलेल्या माणसाला हालचाल करता येत नाही, म्हणून मांड्यांना आधी थंडी लागते, मग बुडाला, मग हातांना. शेजारच्या बाईंनी हातमोजा काढून फोन लावायचा प्रयत्न केला, तर बोटं इतकी कडक झाली की पुन्हा हातमोजा घालायला मी धरून ठेवावा लागला. तेव्हापासून माझ्या खिशात जादा हातमोजे असतात.

उतरवणं मात्र झटपट झालं. माझ्या दोराचं टोक धरणारा मुलगा विशीतला होता आणि पूर्ण वेळ तो मला माझ्या चष्म्याबद्दल काहीतरी विचारत होता. नंतर कळलं, ते मुद्दाम, डोकं दुसरीकडे लावायला.

पायपीट
मुक्ताफळ, घोषणेचा मुद्दा फार बरोबर. एक गोष्ट भर घालतो. प्रत्येक खांबावर नंबर असतो, जाताना समोर दिसतो. तो बघायची सवय लावा. फोन लागला तर "सात आणि आठच्या मधे आहोत, दोन मोठे, एक मूल" एवढं सांगता आलं पाहिजे. आणि स्की पेट्रोलचा नंबर आधीच फोनमध्ये साठवून ठेवा. फोन आतल्या खिशात, अंगालगत. थंडीत बॅटरी बघता बघता मरते.

शंकेखोर
आता उडीकडे या. रानवारांच्या नवऱ्याची बाजू घ्यायला कोणीच नाही म्हणून मी घेतो. गुडाउरी, जॉर्जिया, १६ मार्च २०१८. लिफ्ट उलटी धावायला लागली, नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट. खालच्या चाकापाशी खुर्च्यांचा नुसता चक्काचूर होत होता. व्हिडिओ जगभर फिरला. त्यात ज्यांनी खुर्ची खाली पोचायच्या आत उडी मारली ते सुटले. म्हणजे उडी कधीकधी योग्य असते की नाही?

पायपीट
थांबलेल्या आणि उलट्या धावणाऱ्या लिफ्टची तुलना करताय तुम्ही. थांबलेल्या लिफ्टमधून उडीचं गणित सोपं आहे. १० मीटरवरून पडलात तर खाली ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने आदळता. ६ मीटरवरून ताशी ४० च्या जवळ. आणि लिफ्टखालचा बर्फ भुसभुशीत असेलच असं नाही. बऱ्याचदा तो दाबून घट्ट केलेला किंवा गोठलेला असतो, खाली खडक, झुडपं. पायात स्की असेल तर ती तरफेसारखी गुडघा पिरगाळते.

हिमकण
आणि उडी मारणारा शेजाऱ्याचा विचार करत नाही. त्याचं वजन गेलं की खुर्ची आणि केबल दोन्ही वर उसळतात. शेजारी बेसावध असेल तर तोही बाहेर. पुढच्या-मागच्या खुर्च्यांनाही हिसका बसतो. त्यातून उडी मारलेला पाय मोडून खाली पडला की पथकातले दोन माणसं त्याच्याकडे जातात, म्हणजे वर बसलेल्या सगळ्यांना उशीर.

गुडाउरीबद्दल: वीज गेल्यानंतर लिफ्ट पुन्हा चालवताना ठरलेली पद्धत पाळली गेली नाही, असं नंतर पुढे आलं. दहाएक जण जखमी झाले, कोणी दगावलं नाही. खुर्च्या उलट्या धावत असतील, जमीन जवळ आली असेल आणि समोर स्थानकात खुर्च्यांचा ढिगारा दिसत असेल, तर खाली उतरून बाजूला पळणं मला मान्य आहे. त्याला मी 'उडी' म्हणणार नाही, ती सुटका आहे. पण असा प्रसंग विरळा. नवऱ्याला वाचून दाखवताना हा परिच्छेद वगळा, नाहीतर तेवढंच लक्षात ठेवील.

चकवा
आमच्या ह्यांचं तसंच आहे म्हणून लिहायला बसले होते, पण मी पुरुष आहे हे आठवलं.

तिसरा_गिअर
उलट्या धावण्याचा आणखी एक नमुना: अमेरिकेत मेन राज्यातल्या शुगरलोफला मार्च २०१५ मध्ये गिअरबॉक्समधला भाग तुटला, खुर्च्या मागे सरकल्या, सात जण जखमी. उरलेल्यांना दोराने उतरवलं. त्याच डोंगरावर २८ डिसेंबर २०१० ला वाऱ्याच्या दिवशी जुन्या लिफ्टची केबल खांबावरून निसटली आणि काही खुर्च्या सरळ जमिनीवर आल्या. आठ जण रुग्णालयात, सुमारे दीडशे जणांना उतरवावं लागलं. त्या वेळी मेकॅनिक त्याच खांबावर दुरुस्तीत होते. म्हणजे गडबड आधीच दिसली होती आणि लिफ्टवर माणसं होती! माझ्या ब्रेकवाल्या सिद्धांताच्या विरुद्ध जाणारं हे उदाहरण मीच देतो. केबल निसटली की ब्रेक थांबवू शकतो, पण खुर्ची हवेत तरंगत ठेवू शकत नाही.

आणि बाजूने जाणारं: २१ डिसेंबर २०२४, कोलोरॅडोतलं विंटर पार्क. गोंडोलाच्या (बंद केबिनींची लिफ्ट) खांबाच्या एका आधाराला तडा गेला, लिफ्ट आपोआप थांबली, १७४ जणांना दोराने उतरवलं, कोणाला काही झालं नाही. बातमी मात्र 'लोक अडकले' अशीच येते.

जुनाट
गोंडोलात दोर वरून कसा टाकतात? तिथे तर छप्पर असतं.

हिमकण
चांगला प्रश्न. बंद केबिनला खालून दोर टाकून भागत नाही. बचाव करणारा खांबावर चढतो, केबलवर छोट्या चाकांचं साधन लावतो आणि घसरत केबिनच्या छतावर उतरतो. दार बाहेरून उघडून आत शिरतो, लोकांना पट्टे चढवतो आणि एकेकाला दारातून खाली सोडतो. शेवटी स्वतः, किंवा पुढच्या केबिनकडे. छतावर उतरलेल्या बुटांचा धप्प आवाज आतल्या माणसांना फार गोड वाटतो म्हणतात. केबिनमध्ये वारा लागत नाही, म्हणून वेळ जास्त सहन होतो. चेअरलिफ्टवर थंडी हाच खरा शत्रू.

जुनाट
धन्यवाद. मग हेलिकॉप्टर कशाला? टीव्हीवर तेच दिसतं.

शंकेखोर
हेलिकॉप्टरवर माझा अजिबात भरवसा नाही, कारण २०२२ च्या एप्रिलमध्ये झारखंडात देवघरच्या त्रिकूट रोपवेवर जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. चाळीस तासांहून जास्त काम चाललं, हवाई दलाने जिवाची बाजी लावली, बहुतेक जण वाचले. पण उचलताना दोघं पडून गेले. पंख्यांच्या वाऱ्याने केबिन हेलकावते आणि केबलजवळ हेलिकॉप्टर येणंच धोक्याचं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानात बट्टग्रामला आठ जण अडकले, त्यात बहुतेक शाळकरी पोरं. हेलिकॉप्टरने एकालाच काढता आलं, बाकीच्यांना रात्री स्थानिक लोकांनी केबलवरून जाऊन आणलं.

पायपीट
तरी उंच दरीत दुसरा उपाय नसतो. माँ ब्लाँवर ८ सप्टेंबर २०१६ ला एग्वी द्यु मिदीहून इटलीकडे जाणाऱ्या केबिनींच्या केबल अडकल्या. खाली हिमनदी, उंची जवळपास ३८०० मीटर, ११० माणसं. हेलिकॉप्टरने आणि दोराने बरेच जण काढले, अंधार पडल्यावर थांबावं लागलं. ३३ जणांनी रात्र केबिनमध्येच काढली, सकाळी केबल मोकळी झाल्यावर आत बसूनच बाहेर आले.

हिमाचलात परवाणूच्या टिंबर ट्रेलला १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये केबल तुटून डबा मधेच अडकला. मेजर इव्हान क्रास्टो हेलिकॉप्टरमधून डब्यावर उतरले, पहिल्या संध्याकाळी काहींना वर पाठवलं आणि उरलेल्यांबरोबर रात्रभर डब्यातच थांबले. त्यांना कीर्तिचक्र मिळालं. कोणीतरी सोबत आहे याचंच बळ मोठं.

वाचनमात्र
पायपीट, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. अंगावर काटा आला.

अवांतरमास्तर
थोडं अवांतर. चेअरलिफ्टचा जन्म केळ्यांतून झालाय. १९३६ साली आयडाहोतल्या सन व्हॅलीत पहिली चेअरलिफ्ट लागली. ती काढणारे रेल्वेचे अभियंता जेम्स करन यांनी आधी जहाजावर केळ्यांचे घड चढवायची यंत्रं पाहिली होती. आकड्यांच्या जागी खुर्च्या लावल्या, झालं.

चकवा
म्हणजे आपण मुळात केळ्याच्या जागी आहोत. आता भीती संपली, नुसता अपमान उरला.

मुक्ताफळ
चकवा, जरा गंभीर. रानवारा, पाठपिशवीबद्दल हिमकणांनी लिहिलंय ते मोठ्या अक्षरात घ्या. २०१७ च्या जानेवारीत कोलोरॅडोत अरापाहो बेसिनला उतरताना एकाची पिशवी खुर्चीत अडकली आणि पट्टा गळ्याशी आवळून तो बेशुद्ध लटकत राहिला. लिफ्ट लगेच थांबवली, पण खालून कोणाचा हात पुरेना. तिथे असलेल्या एकाला दोरावर चालायचा चांगला सराव होता. तो खांबावर चढला, केबलवरून सरकत आला आणि खालून फेकलेल्या चाकूने पट्टा कापला. माणूस वाचला. पण नशिबावर सोडू नका. चढण्याआधी पिशवी काढून मांडीवर. लोंबणारी पट्टी, मफलर, जॅकेटची दोरी आत.

शंकेखोर
आणि शेवटी मला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट. २५ जानेवारी २०२४ ची रात्र, लेक टाहोजवळ हेव्हनली. एक स्नोबोर्डर संध्याकाळी पाचच्या सुमाराला खाली यायला गोंडोलात बसली, ती केबिन वर असतानाच लिफ्ट बंद केली गेली, आणि तिने पंधरा तास अंधारात काढले. सकाळी सुरू केल्यावर सापडली. इथे बिघाड शून्य. यंत्र ठणठणीत. 'शेवटचा माणूस उतरला का' एवढंच कोणी पाहिलं नाही.

तिसरा_गिअर
याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ब्रेक मोजू शकत नाही आत कोण आहे. दिवस संपताना शेवटच्या प्रवाशामागे रिकाम्या खुर्चीवर किंवा केबिनवर खूण लावून ती वर-खाली पोचेपर्यंत लिफ्ट चालू ठेवतात. ही पद्धत जिथे नाही तिथे शेवटच्या फेरीला बसायचं नाही, एवढाच शहाणपणा.

हिमकण
सहमत. शिवाय गुलमर्गचं उदाहरण राहिलं. २५ जून २०१७, जोराच्या वाऱ्यात झाड उन्मळून केबलवर आलं, केबिन खाली पडली, सात जण गेले. तेव्हा वाऱ्याच्या दिवशी लिफ्ट बंद ठेवलेली दिसली तर तिकिटाच्या खिडकीवर भांडू नका. बंद ठेवणाऱ्याने तुमचं भलंच केलेलं असतं. विजेचा कडकडाट ऐकू आला तरी तेच. नवीन लोकांना चढू देत नाहीत, वरच्यांना उतरवून लिफ्ट थांबवतात.

रानवारा
धागा नवऱ्याने वाचला. पहिली प्रतिक्रिया: "बघ, गुडाउरी!" हिमकण, तुम्ही म्हणालात तसंच झालं. पण उडीचा ताशी ५० चा आकडा वाचल्यावर तो जरा गप्प बसलाय.

आमचा बेत असा: खुर्चीत मुलगा आणि मी, नवरा मागच्या खुर्चीत. पाठपिशवी नाही. जादा हातमोजे, तोंडावर ओढायला कापड, खांबाचा नंबर बघायचं काम मुलाकडे (तो त्यात रमेल). आणि पहिला दिवस चेअरलिफ्टशिवायच काढणार. शिकवणाऱ्यांनी सांगितलंय की नवशिक्यांसाठी जमिनीवर सरकणारा पट्टा असतो. तो बंद पडला तर काय करायचं?

पायपीट
चालत जायचं, ताई. दहा पावलं.

चकवा
आणि उतरवायला हिमकणांना बोलवायचं नाही.

हिमकण
बोलवलंत तरी येईन. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात त्या पट्ट्याच्या टोकाला पोरांचा जो ढीग होतो, तो उचलायलाच सगळ्यात जास्त माणसं लागतात. मुलाला सांगा, वर पोचल्यावर थांबून मागे बघायचं नाही, सरळ बाजूला सरकायचं.